पूजेत मांडलेल्या फ्लॉप्या

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी राईस मिलच्या शेटजींनी दादाला कामावरून काढलं. दादा दुपारी घरी आला. त्याने हातपाय धुतले, मायने वाढलेल्या ताटावर बसला आणि बाबूजींना सांगितलं, "उद्यापासून मी बांधीत येतो, धानाच्या कामाले." बाबूजींनी विचारलं, "काऊन?" दादा म्हणाला, "मशीन चालली नाई." मी चुलीपाशी बसले होते.

मशीन म्हणजे राईस मिलमधलं धान भरडायचं यंत्र नव्हे. तो एक कॉम्प्युटर होता, आणि त्याला मशीन म्हणणारा दादा एकटाच. मिलमधले बाकी सगळे त्याला डब्बा म्हणत. आमचं घर तिरोड्याच्या कडेला, घर आणि स्टेशन यांच्या मध्ये ती मिल. दिवाळी झाली की नवं धान यायला लागायचं आणि होळीपर्यंत मिलचा आवाज थांबायचा नाही. मायला त्या आवाजावरून कळायचं की पट्टा घसरतो आहे की पॉलिशर रिकामा फिरतो आहे. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान वाफवायला लागले की तो गोडसर, ओलसर वास घरात शिरायचा, आणि तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, माझ्या पुस्तकांवर कोंड्याची बारीक भुकटी बसायची. सकाळी माय तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे धिरडी घालायची, हिरव्या मिरचीच्या चटणीबरोबर ते खाऊन मी गोंदियाच्या कॉलेजला जाणारी पॅसेंजर धरायची आणि दादा मिलवर जायचा. घरी आम्ही पोवारी बोलायचो, गावात झाडीबोली, शेटजींशी हिंदी, आणि कॉलेजात मी इंग्रजी वाचायची. आता लिहिताना घरचं बोलणंही मी झाडीतच लिहिते आहे. पोवारी कागदावर उतरवायला गेले की हात अडखळतो. इतक्या वर्षांत ती बोलायला माझ्याजवळ कोणी उरलेलं नाही.

दादा मिलच्या वजनकाट्यावर होता. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक येत, तो वजन करून चिठ्ठी द्यायचा. बारावीनंतर त्याने गोंदियात वर्षभराचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तिथल्या सरांनी युनिक्स नावाच्या प्रणालीबद्दल काहीतरी इतक्या मनापासून सांगितलं होतं, की हा घरी आल्यावर गाईचं दूध काढतानाही तेच बोलायचा. सरांनी स्वतः ती कधी चालवलेली नव्हती. एका होळीनंतर शेटजी नागपूरकडच्या एका बंद कारखान्याच्या लिलावाला गेले, मोटारी आणि काटे घ्यायला, आणि दादाला सोबत घेऊन गेले. तिथे कोपऱ्यात धूळ खात दोन कॉम्प्युटर पडले होते, एकसारखे, परदेशी बनावटीचे, टेबलावर मावणारे पण उचलायला दोन माणसं लागणारे. त्यांच्या पाटीवर दादाने युनिक्स हा शब्द वाचला. शेटजींना म्हणाला, "सेठजी, ये ले लो. पूरे मिल का हिसाब इसपे आ जाएगा." शेटजींनी एवढंच विचारलं, "तू चलाएगा?" दादा म्हणाला, "चलाऊँगा."

दोन्ही मिलमध्ये आले. एक ऑफिसात मांडला, आणि तो चालला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, आणि त्यापुढे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मशीन जिवंत होती पण तिच्यात कामाचं काही नव्हतं. कारखान्याने आपलं सगळं पुसून टाकलं होतं. दुकानात मिळणारं कोणतंही सॉफ्टवेअर तिला चालत नव्हतं, कारण तिची बनावट वेगळी होती आणि ती बनवणाऱ्यांनी ती केव्हाच सोडून दिली होती. शेटजी रोज ऑफिसात यायचे, पंखा लावायचे आणि विचारायचे, "हेमराज, काम का क्या है इसमें?"

मग दादाने मला धरलं. गोंदियात बाजाराच्या बाजूला एक सायबर कॅफे उघडला होता. कॉलेज सुटल्यावर परतीच्या गाडीला वेळ असायचा, त्या वेळात मी तिथे जायचं, शोधायचं आणि त्याने विकत घेऊन दिलेल्या फ्लॉपीवर उतरवून आणायचं. त्याने मला आधीच सांगून ठेवलं, "सुमे, मले इंग्रजी वाचता येते, पण त्याचा मतलब लागत नाई. तू पुस्तकं वाचते ना, मंग हे बी वाच. यात कामाचं काय आहे ते तू ठरव. खेळगिळ नको आणू."

शोधता शोधता एक जागा सापडली. कुठल्याशा परदेशी विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर काही हौशी माणसांनी नेमक्या याच मशीनसाठी सॉफ्टवेअर साठवून ठेवलं होतं. कुणीही घ्यावं. नुसत्या नावांची रांग आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ. पण त्या ओळी फार माणसाळलेल्या होत्या. एकाने लिहिलं होतं, माझ्याकडे चालतं, तुमच्याकडचं मला सांगता येत नाही. दुसऱ्याने लिहिलं होतं, यात एक चूक आहे, मला सापडलेली नाही, सापडली तर कळवा. मी कॉलेजात ज्या कादंबऱ्या वाचत होते त्यांच्यापेक्षा मला या ओळी जास्त आवडायला लागल्या. ती माणसं आपापल्या घरी, टाकून दिलेल्या मशीनपुढे बसून एकमेकांसाठी वस्तू बनवत होती आणि वाटेत ठेवून देत होती. तिरोड्याची एक मुलगी ती उचलून नेईल हे त्यांना कुठून माहीत असणार.

सुरुवातीलाच फजिती झाली. पहिली आणलेली वस्तू उघडेना. ती घट्ट बांधून लहान केलेली होती आणि सोडवायला वेगळा प्रोग्राम लागत होता. तो मी दुसऱ्या दिवशी आणला, तर तोही तसाच बांधलेला निघाला. दादा हसत सुटला. म्हणाला, "शेटजीच्या तिजोरीवानी आहे हे. किल्ली आतच ठेवून देली." शेवटी न बांधलेली एक प्रत सापडली आणि मग एकेक वस्तू उलगडू लागली. अक्षरं टाइप करायला एक चांगलं साधन मिळालं. प्रिंटरला मराठी सोडून बाकी सगळं छापायला लावणारं एक मिळालं. खेळ नको म्हटलं तरी मी एक आणलाच, अक्षरांनी बनलेली अळी पडद्यावर सरपटायची आणि स्वतःला चावली की मरायची. मिलचे मुनीमजी दुपारी जेवण झालं की खुर्ची ओढून यायचे. "हेमराज, ज़रा वो कीड़ा चला दे." दादा म्हणायचा, "मुनीमजी, कीड़ा आपको लगा है, मशीन को नहीं." एका प्रोग्रामच्या कर्त्याने लिहिलं होतं की पैसे नकोत, उपयोग झाला तर आपल्या गावाचं एक पोस्टकार्ड पाठवा. तिरोड्याचं चित्र असलेलं पोस्टकार्ड मिळणार कुठे? दादाने साध्या कार्डावर बोदलकसाचा तलाव निळ्या पेनाने काढला, त्यात दोन पाणकोंबड्या घातल्या, आणि खाली मला आभार लिहायला लावले.

कॅफेतला एकच जुना कॉम्प्युटर मोठ्या फ्लॉपीचा होता. आमच्या मशीनला तीच फ्लॉपी लागायची, त्यामुळे त्यावर कुणी बसलेलं असलं की मी दाराशी पुस्तक उघडून उभी राहायची. कॅफेवाला म्हणायचा, "मैडम, सब लोग नया माँगते हैं, आप अकेली हो जो खटारा माँगती हो." तार तुटायची, वीज जायची, अर्धं उतरलेलं पुन्हा पहिल्यापासून उतरवावं लागायचं. कधी गाडी चुकायची, मग शेवटच्या गाडीने आले की बाबूजी स्टेशनवर उभे दिसायचे. मला पाहिलं की फक्त सायकल वळवून चालू लागायचे. त्यांच्या मनात त्या दिवसांत माझ्या लग्नाचा विचार सुरू होता. मला मात्र नागपूरला जाऊन पुढे शिकायचं होतं, आणि ते बाबूजींना पटेल असं सांगू शकणारी एकच व्यक्ती होती, शेठाणीबाई. त्यांच्याकडे काचेच्या कपाटात पुस्तकं होती, ती मला वाचायला मिळायची, आणि त्यांनी शब्द दिला होता की दसरा-दिवाळी झाली की मी तुझ्या वडिलांशी बोलते.

उन्हाळ्याच्या शेवटी ती वस्तू सापडली जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता. आडव्या-उभ्या चौकटींचा तक्ता. एका चौकटीत आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलायची. दादाने तो चालवून पाहिला आणि एकच आकडा पुन्हा पुन्हा बदलून खालची बेरीज पाहत राहिला. मग त्याने धानाच्या जाती, पोत्यांची संख्या, ओलाव्याची वजावट, किती धानाला किती तांदूळ, किती कणी, किती कोंडा, सगळं त्यात बसवलं. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात तेच होतं. जेवताना मायच्या हातून ताट घेता घेता मला विचारायचा, "सुमे, गोल करायचं आकडं त ते कसं लिहिलं होतं त्यानं?" माय म्हणायची, "आधी वडे खा, मंग आकडं गोल करजो." लाखोरीच्या डाळीचे तिचे वडे दादाला फार आवडायचे, पण त्या दिवसांत तो काय खातो आहे याकडे त्याचं लक्ष नसायचं.

पावसाळ्यात मशीनची आतली डिस्क गेली. तिच्याबरोबर तिच्यावर चढवलेलं सगळं गेलं. दादा डगमगला नाही, कारण लिलावातली दुसरी जोडमशीन पडून होती, तिची डिस्क काढून बसवता येत होती, आणि मी आणलेलं सगळं व त्याने बनवलेला तक्ता फ्लॉप्यांवर होता. पण नेमका त्याच वेळी शेटजींचा मुलगा रायपूरहून शिक्षण संपवून परतला. त्याला नवा कॉम्प्युटर हवा होता, विकणारा माणूस रोज येऊन चहा पिऊन जात होता. शेटजींनी दादाला बोलावून सांगितलं, "देख हेमराज, दशहरे के मुहूर्त पे चढ़ा दे जो चढ़ाना है. पितृपक्ष में नया काम मत कर. नया धान आने से पहले चल गया तो यही रहेगा, और तू काँटा छोड़ के ऑफिस में बैठेगा." चाललं नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. काट्यावरच्या जागेला शेटजींच्या मुलाने माणूस शोधून ठेवला होता. दादा डिस्क बसवून मोकळा झाला होता, एका दुपारचं काम उरलं होतं, पण शेटजींच्या मिलमध्ये मुहूर्ताशिवाय नवा पट्टासुद्धा चढत नसे. त्याने थांबायचं ठरवलं. फ्लॉप्या एका डब्यात घालून त्याने मला दिल्या. "घरी ठेव. इथं उंदरं आहेत."

मी त्या फार जपल्या. ऊन लागू दिलं नाही, ओल लागू दिली नाही. प्रत्येक फ्लॉपीच्या कागदी पाकिटावर आत काय आहे त्याची चिठ्ठी लिहून स्टेपलरने टोचून लावली. अक्षर सुवाच्य काढलं.

नवमीच्या संध्याकाळी मिलमध्ये हत्यारांची पूजा असायची. यंत्रं बंद, पट्टे उतरवलेले, आणि त्या एका संध्याकाळी मिल इतकी शांत असायची की छपरातली कबुतरं ऐकू यायची. नट आवळायचे पाने, हातोड्या, चाळण्या, रबराचे रोलर, वजनाची मापं, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उतरवेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. शेठाणीबाईंनी मला रांगोळी काढायला बोलावलं होतं. दादा झेंडूची पोती आणायला गोंदियाला गेला होता. जाताना म्हणाला होता, "फ्लॉप्या बी घेऊन येजो, पूजेत ठेवून दे. उद्या मुहूर्तावरच त्या लागतीन."

मी रांगोळी काढली. शेठाणीबाई म्हणाल्या, "सुमन, तुम्हारा सामान भी रख दो न, हेमराज का." मांडणीत जागा कमी होती. मधोमध एक सपाट, रुंद, पाटासारखी लोखंडी पाटी होती. तिच्यावर लाल कापड घातलेलं होतं आणि वर अजून काही ठेवलेलं नव्हतं. धान यंत्रात पडण्याआधी त्यातले खिळे, तारांचे तुकडे ओढून घेणारं चुंबक होतं ते. मला माहीत होतं. लहानपणी आम्ही त्यावरून गंजलेले खिळे ओढून काढायचो. मी डबा उघडला, कारण कुंकू प्रत्येक वस्तूला लागलं पाहिजे, आणि फ्लॉप्या पाकिटांसकट त्या लाल कापडावर पंख्यासारख्या पसरून ठेवल्या. प्रत्येकीला बोट टेकवून कुंकू लावलं. शेठाणीबाई म्हणाल्या, "कितना सुंदर लग रहा है." मलाही तसंच वाटलं. दादा झेंडू घेऊन आला तोवर आरती सुरू झाली होती. त्या फुलांच्या राशीने मांडणी झाकून गेली.

दसऱ्याच्या सकाळी घरी सुवारी, म्हणजे पुऱ्या, आणि कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या झाल्या. दादा नवा सदरा घालून गेला, मी त्याच्या मागे. पूजा उतरली. दादाने फुलं बाजूला केली आणि फ्लॉप्या उचलल्या. एकेक उचलताना टक् टक् असा आवाज येत होता. मला तो आवाज ऐकू आला होता, हे मी शपथेवर सांगते. त्याचा अर्थ मला कळला नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं, नंतर सगळ्या गोळा करून तो ऑफिसात गेला. तिथे शेटजी होते, त्यांचा मुलगा होता, मुनीमजी होते, दाराशी शेठाणीबाई होत्या. मशीनला हार घातला होता. दादाने पहिली फ्लॉपी घातली. आतून घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. पडद्यावर चूक दाखवणारी एक ओळ आली. दुसरी घातली. तिसरी. तो घाई करत नव्हता. सगळ्या घालून झाल्यावर त्याने पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. शेटजींचा मुलगा मोबाइलकडे बघत होता. मुनीमजी म्हणाले, "अरे, कल तक तो ठीक था."

शेटजींनी विचारलं, "किसने रखी थी ये?"

दादा म्हणाला, "मैंने. माल ख़राब आया सेठजी, देखके लेना था. मेरी ग़लती."

शेटजी कठोर माणूस नव्हते. त्यांनी दादाच्या हातात आपट्याची पानं दिली, त्याने त्यांच्या पायाला हात लावला. मग दुसऱ्या दिवशी बोलावून जे सांगायचं ते सांगितलं.

त्या दुसऱ्या दिवशीच्या दुपारपासून मी हे प्रकरण सुरू केलं, पण ती दुपार मी पूर्ण सांगितली नाही. दादा बाबूजींना म्हणाला, मशीन चालली नाही, आणि मी चुलीपाशी बसून होते, इतपत खरं आहे. त्यानंतर मी बोलायला लागले. मी म्हणाले की कॉलेज बुडवून, गाड्या चुकवून मी एकेक वस्तू आणली आणि तुला एक धड फ्लॉपी विकत घेता आली नाही. दोन पैसे वाचवायला तू स्टेशनवरच्या दुकानातला सडका माल घेतलास. तुझं नेहमी असंच असतं. बोलतोस मोठं आणि निभावत काही नाहीस. शिकायचं मी आणि मातीत घालायचं तू. मी शिकलेली होते, मला वाक्यं जुळवता येत होती. दादा भात कालवत राहिला. माय म्हणाली, "जेवू दे वो त्याले." मी थांबले नाही. शेवटी दादा म्हणाला, "बरं आहे सुमे, चुकलं माझं," आणि ताट घेऊन उठला.

राग ओसरल्यावर मी पुन्हा कॅफेत गेले. सगळं पुन्हा उतरवून आणायचं, नव्या फ्लॉप्यांवर, असं मी मनाशी ठरवलं होतं. ती जागा उघडेना. वाटलं तार खराब असेल. रोज गेले. मग एके दिवशी तिथे विद्यापीठाची एक सूचना दिसली, जुना कॉम्प्युटर बंद केला आहे. साठवलेलं कुठे हलवलं, हलवलं की नाही, काही लिहिलेलं नव्हतं. मी दुसऱ्या जागा शोधल्या. नावं सापडायची, नावांवर बोट ठेवलं की मागे काही नसायचं. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे. तू परीक्षेचं पाहा." मिलमध्ये नवा कॉम्प्युटर आला. जुनी मशीन शेटजींनी जोडमशीनसकट भंगारवाल्याला दिली.

दिवाळीनंतर, गावोगावच्या मंडईच्या जत्रा संपल्या तेव्हा, शेठाणीबाई खरोखरच आमच्या घरी आल्या. सुतळीने विणलेल्या माचीवर बसल्या, चहा घेतला आणि बाबूजींशी बोलल्या. पुढच्या वर्षी मी नागपूरला गेले. शिकले, शिकवायला लागले, तिथलीच झाले. दादाने दोन हंगाम बांधीत काढले. त्याला चिखलाचा राग नव्हता, पण तो शेतकरी नव्हता, आणि बाबूजींनाही ते दिसत होतं. मग एका नातेवाइकाच्या जागेत, कोहमाऱ्याच्या नाक्यावर, ढाब्यांच्या रांगेत त्याने फोन आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. पुढे मोबाइल रिचार्ज, पुढे ऑनलाइन अर्ज. तिथेच घर केलं, लग्न झालं. ट्रकवाले त्याला ओळखायचे. त्याचं आयुष्य वाया गेलं असं मी म्हणत नाही. तो हसरा होता, कर्जात नव्हता, त्याच्या दुकानात माणसं नुसती बसायला यायची. पण पडद्यावर तो तक्ता पहिल्यांदा चालला तेव्हाचा त्याचा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही, आणि मी त्याच्याकडे जायची तेव्हा तो शोधत असायची. जेव्हा जेव्हा त्याच्या दुकानात काही बिघडलेलं दिसायचं, मी म्हणायची, "पुन्हा सस्ता माल घेतला असशील." माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींना मी तो दसरा कितीदा तरी सांगितला होता, भावाच्या निष्काळजीपणाची गोष्ट म्हणून.

दादा गेला तो काविळीने. दवाखान्यात होता तेव्हा मी शेवटचे काही दिवस त्याच्याजवळ होते. आम्ही पुष्कळ बोललो. त्याने त्या दसऱ्याचा विषय काढला नाही.

तेरवीच्या दुपारी पंगती उठल्या होत्या. वहिनी तिच्या बहिणीबरोबर परसात बसली होती. रडून रडून दोघी थकल्या होत्या आणि थकल्यावर माणसं जशी हसण्याचं काहीतरी शोधतात तशा त्या शोधत होत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तेव्हा वहिनी सांगत होती, "आन् तो चुंबकाचा किस्सा त दर दसऱ्याले सांगत. दुकानात पूजा मांडली का झालं सुरू." मी विचारलं, "कोणता?" वहिनीने बहिणीकडे पाहिलं. तिला वाटलं होतं मला ठाऊक असणार. मग बहिणीने तिला कोपर मारलं, आणि आता न सांगणं जास्त वाईट दिसेल असं वाटून तिने सांगितलं.

"तुम्ही त्या मिलमध्ये फ्लॉप्या चुंबकावर मांडल्या होत्या ना ताई. चुंबकानं सारं पुसून जाते म्हणे. उचलतानाच समजलं त्यायले. तुमच्या पिना चिकटून बसल्या होत्या त्या पाटीले, टक टक करून निघत होत्या. म्हणत, मले तवाच माहीत झालं का आता काई नाई, पण सारे उभे होते, मंग एकेक घालून पाहिली." ती थोडी हसली. "पाकिटाच्या मागं चित्र बी होतं म्हणे, चुंबकाचं, वरतून फुली मारलेली. इंग्रजीत लिहिलं बी होतं. म्हणत, आमच्या मास्तरीणबाईनं दुनियाभराचं वाचलं, तेवढंच नाई वाचलं."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही शेटजींना? मांडायला शेठाणीबाईंनीच सांगितलं होतं. चुंबक त्यांचंच. त्यांनी समजून घेतलं असतं."

वहिनी म्हणाली, "मी बी हेच पुसलं होतं. म्हणत, शेठाणीबाईले वाईट वाटलं असतं. त्या सुमीसाठी बोलणार होत्या. आन् सुमीले तोंड दाखवाले जागा नसती रायली. ते त सोडा, म्हणत, तिनं किती हौसेनं कुंकू लावलं होतं."

मी तांब्या खाली ठेवला. नंतर काय केलं ते आठवत नाही. त्या पाकिटांवर मी माझ्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावल्या होत्या, म्हणजे प्रत्येक पाकीट माझ्या हातातून गेलं होतं. उलटं करून पाहिलं नाही. परक्या देशातल्या माणसांच्या एकेका ओळीवर मी तासन्‌तास घालवत होते.

मला सगळ्यात जास्त कशाची टोचणी आहे, असं मी स्वतःला विचारते. चुंबकाची नाही. ते अज्ञान होतं, आणि अज्ञानाला दादा हसू शकत होता, त्याने ते हसून टाकलंही. टोचणी आहे ती मी नंतर बोलले त्याची, आणि बोलत राहिले त्याची. वर्षानुवर्षं त्याच्याच दुकानात, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर. एका शब्दाने तो मला गप्प करू शकत होता. आणि ज्या शिक्षणाच्या जोरावर मी त्याला बोलत होते, ते शिक्षण त्या न बोललेल्या शब्दामुळे मला मिळालं होतं.

माय आता थकली आहे. तिरोड्याचं घर बंद आहे, ती वहिनीजवळ कोहमाऱ्यालाच असते. गेल्या खेपेला मी तिच्या पायांना तेल लावत बसले आणि तिला सगळं सांगितलं, फ्लॉप्या, पाटी, कुंकू, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "कोणती फ्लॉपी वो?" मी पुन्हा सांगितलं, मिलमधला कॉम्प्युटर, दादाचं काम गेलं तो दसरा. तिने बराच विचार केला. कॉम्प्युटर तिला आठवला नाही. म्हणाली, "त्या दिवशी तू त्याले लय बोलली होती. पोरगा उपाशी उठला होता."

मी म्हणाले, "हो, माय."

दुकान सुरू आहे. वहिनी सकाळी उघडते, संध्याकाळी ट्रकांची गर्दी वाढली की बंद करते. महिन्यातून एका रविवारी मी नागपूरहून जाते आणि अर्ज भरायला आलेल्यांचे अर्ज भरून देते. तिथले लोक मला हेमराजची बहीण म्हणून ओळखतात.